देहाची झीज आणि पाहणाऱ्याची दृष्टि

मराठी भाषेंत माणूस बारीक होण्याला जितके शब्द आहेत तितके जाड होण्याला नाहींत. अंग सुटतें, पोट पुढें येतें, तान्हें मूल बाळसें धरतें. एवढ्यांत जाडीचा शब्दसंग्रह बहुतेक संपतो. उलट माणूस रोडावतो, वाळतो, सुकतो, झडतो, खंगतो. त्याचा चेहरा उतरतो, गालफडें बसतात, डोळे खोल जातात, गळ्याचीं हाडें वर येतात, आणि सरतेशेवटीं त्याचा सांपळा होतो. यांतला प्रत्येक शब्द आपापल्या जागीं निराळा आहे. खंगणें हें दुखण्याचें, सुकणें हें चिंतेचें, आणि वाळणें हें बहुधा पोटाचें. ज्या मुलखावर दर पिढीला एखादा दुष्काळ येऊन जाई, त्या मुलखाच्या भाषेंत असें व्हावें हें साहजिक आहे. परंतु या शब्दांची एक गंमत अशी कीं, ते बहुतेक सगळे दुसऱ्यानें उच्चारावयाचे शब्द आहेत. ‘मी रोडावलों’ असें आपण होऊन म्हणणारा मनुष्य विरळा. तें त्याला कोणीतरी सांगावें लागतें. आणि सांगणारा बहुधा रोजच्या सहवासांतला नसतो.

हा अनुभव मुंबईच्या गिरणगांवाला जितका होता तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. दादर आणि परळ यांच्या मध्यें नायगांव म्हणून जो भाग आहे, तेथें १९२० सालीं स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें मजुरांसाठीं चाळी बांधल्या; त्याच पुढें बी. डी. डी. चाळी या नांवानें प्रसिद्ध झाल्या. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी मिळून चाळी २०७. त्यांपैकीं नायगांवास ४२. प्रत्येक चाळींत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलींत कोठें एक सबंध कुटुंब, तर कोठें कोंकणांतून किंवा घाटावरून आलेले कित्येक गडी एकत्र राहात; गिरणीची पाळी बदलली कीं झोंपणारा बदले. जेवण खाणावळींत. आरसा असलाच तर खिळ्याला टांगलेला, दाढीपुरता. त्यांत हनुवटी दिसे, फार तर मान. त्याखालीं आपलें शरीर कसें चाललें आहे, हें त्या आरशाला ठाऊक नसे आणि मालकालाहि नसे.

असा एखादा गडी शिमग्याला किंवा गणपतीला वर्षाच्या अंतरानें गांवीं जाई, तेव्हां उंबऱ्यावर उभी असलेली आई त्याला पाहतांच म्हणे, ‘काय रे बाबा हें, केवढा वाळलास!’ ज्या सोबत्यांनीं अकरा महिने त्याच्या पानाला पान लावून जेवण केलें, त्यांच्या हें कधीं ध्यानांत आलें नव्हतें. सोबत्यांचें प्रेम कमी आणि आईचें अधिक, असा याचा अर्थ करण्याचा मोह होतो; पण तो खरा नव्हे. आईजवळ गेल्या वर्षीचें चित्र होतें, सोबत्यांजवळ फक्त कालचें. कालच्या चित्राशीं आजचें ताडून पाहिलें तर त्यांत फरक असा कधींच सांपडत नाहीं.

या गोष्टीचें शास्त्र युरोपांत एकोणिसाव्या शतकांत मांडलें गेलें. अर्न्स्ट हाइन्रिख वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १८३४ सालीं हातांतील ओझ्यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. ओझ्यांत फरक पडला हें हाताला कळावयाचें, तर तो फरक मूळ ओझ्याच्या ठराविक प्रमाणांत असावा लागतो, असें त्याला आढळलें. पावशेरांत नवटांक घातला तर हात तत्काळ ओळखतो. दहा शेरांत तोच नवटांक घातला तर ओळखत नाहीं. डोळ्याचेंहि पुष्कळ अंशीं असेंच आहे. म्हणूनच अडीचशें रत्तल वजनाच्या शेटजींचे दहा रत्तल गेले तरी पेढीवर कोणी वर मान करून पाहात नाहीं, आणि शंभर रत्तलांच्या शिंप्याचे तेवढेच गेले तर गल्लींत चौकशी सुरू होते. (रत्तल म्हणजे इंग्रजी पौंड, मुंबईच्या जुन्या बाजारांत हाच शब्द चाले.) त्यांत आणखी एक अडचण. शरीरांतील पाण्यानें आणि पोटांतील अन्नानें माणसाचें वजन एकाच दिवसांत दोन-तीन रत्तल खालींवर होतें. तांब्याभर पाणी प्यालें तरी कांटा दोन रत्तल हलतो. उलट अंगावरची चरबी, हेतुपुरस्सर पथ्य करणाऱ्याचीहि, आठवड्याला रत्तल-दोन रत्तलच जाते. आणि ती सर्वांगावरून पातळ पातळ थरानें निघते, कांहीं तर पोटाच्या आंतून, जेथें दृष्टि पोंचतच नाहीं. तेव्हां मोठा फरक रोज येतोजातो आणि खोटा असतो. खरा असतो तो लहान, आणि मोठ्याच्या गर्दींत दडून बसतो. पंधरा दिवस उपाशीपणा सोसून आरशापुढें उभा राहणारा मनुष्य निराश होतो याचें कारण हेंच आहे. त्याच्या निग्रहांत उणें नसतें. त्यानें साक्षीदार चुकीचा निवडलेला असतो.

आपल्याकडील जुन्या घरांत माणसें तोलण्याचा कांटा नव्हता, परंतु मापें होतीं, आणि तीं अंगावरच असत. पुरुषाच्या कमरेचा करदोटा हें असेंच एक माप. तो एकदां बांधला कीं वर्षानुवर्षें तसाच राही. ढिला होऊन खालीं उतरूं लागला कीं गांठ पुन्हा मारावी लागे, आणि मग बोट घालून किती जागा झाली तें कळे. बोटांतली अंगठी, पायांतलीं जोडवीं, चोळीच्या बाह्या हींहि मापेंच. सर्वांत जुना परीक्षक म्हणजे कांसार. वर्षांतून दोन-चार वेळां बांगड्या भरावयास बसलेल्या स्त्रीचा हात त्याच्या हातांत येई, आणि ‘वहिनी, हात उतरला आपला, एक माप खालचें घालतों’ असें तो म्हणाला म्हणजे जी गोष्ट नवऱ्याला, सासूला आणि तिला स्वतःला कळली नव्हती ती उघड होई. हीं मापें प्रामाणिक असत. कारण कालची आठवण त्यांना नसे, ज्या दिवशीं तीं अंगावर चढलीं त्याच दिवसाची असे.

माणूस प्रत्यक्ष तोलण्याची चाल आपल्याकडे होती, पण ती दानासाठीं. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकाच्या समारंभांत शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. त्या वेळीं गडावर आलेल्या इंग्रजांच्या वृत्तांतांत तुलेचें वजन सुमारें १६,००० होन भरल्याचें आढळतें. महाराजांचें वजन होनांत मोजलें गेलें आणि होनांबरोबरच वाटलेंहि गेलें; तें शेरांत किती, याची विचारपूस करण्याचें कोणास कारण नव्हतें. आणि एकदां केलेल्या तुलेवरून चढउतार कळत नाहीं. चढउतार कळण्यास दुसरी तुला लागते, आणि ती पहिलीच्या शेजारीं लिहून ठेवावी लागते.

असें लिहून ठेवणाऱ्यांत विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाचें नांव फार गाजलें. धंदा अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा, उंची पांच फूट पांच इंच, वय साठीच्या पुढें, आणि १८६२ च्या ऑगस्टमध्यें वजन २०२ रत्तल. त्याला वांकून बुटाची नाडी बांधतां येत नसे, आणि जिना उतरावयाचा तो पाठमोरा होऊन. वैद्याच्या सल्ल्यानें त्यानें पाव, साखर, लोणी, बटाटे सोडले. आणि सुमारें वर्षभरानें तो १५६ रत्तलांवर आला. १८६३ सालीं त्यानें आपली हकीकत पुस्तिकारूपानें छापली व तिच्यांत तारीखवार वजनांचा तक्ता दिला. तो तक्ता पाहण्यासारखा आहे. एकूण ४६ रत्तल गेले खरे, पण एका टिपणापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन रत्तलांची घट. तेवढी डोळ्यास काय दिसणार? बँटिंगला आपल्यांतला फरक कळला तो जिन्यावर. एक दिवस तो इतरांसारखा तोंड पुढें करून उतरूं लागला.

आपल्याकडे शरीराच्या मोजमापाची ही हौस सँडोच्या नांवाबरोबर आली. युजेन सँडो हा मूळचा जर्मन बलोपासक. १८९७ सालीं त्याचें शक्तिसंपादनावरील पुस्तक निघालें, आणि १९०४-०५ सालीं तो स्वतः हिंदुस्थानांत येऊन गेला, मुंबईंतहि त्याचे खेळ झाले. आरशासमोर उभें राहून व्यायाम करावा, आणि दंड, छाती, कंबर, मांडी यांचीं मापें ठराविक मुदतीनें टिपावींत, असा त्याचा उपदेश होता. औंधचे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सँडोचीं साधनें मागवून सुमारें दहा वर्षें ती पद्धति चालविली. नंतर ती सोडून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि आपल्या संस्थानच्या शाळांतून त्यांनीं नमस्कार आवश्यक केले. सूर्यनमस्काराच्या प्रचारांत त्यांनीं पुढें जी कामगिरी केली ती सर्वश्रुत आहे. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट इतकीच कीं, नमस्कारांत फीत नाहीं आणि आरसाहि नाहीं, तरी माप आहे. गुडघे ताठ ठेवून कपाळ गुडघ्यास लावावयाचें असतें. पोट आड येतें तोंवर तें लागत नाहीं. लागलें म्हणजे मधलें कांहींतरी गेलें. बँटिंगचा जिना आणि औंधकरांचा नमस्कार हीं एकाच जातीचीं साधनें होत.

मुंबईच्या मध्यमवर्गाला पुढें रेल्वेच्या स्टेशनांवर नाणें टाकून वजन सांगणारीं यंत्रें मिळालीं. यंत्रांतून जाड कागदाची चिठ्ठी निघे; तिच्यावर वजन छापलेलें असे आणि त्याबरोबर भविष्याची एक ओळ. गाडीला अवकाश असला म्हणजे मंडळी यंत्रावर उभी राहात. चिठ्ठी हातांत पडल्यावर आधीं काय वाचलें जाई, तें सांगावयास नको. मागच्या महिन्याची चिठ्ठी जपून ठेवणारा एखादाच.

इथपर्यंत गोष्ट हौसेची. परंतु ज्या प्रश्नाचा विचार चालला आहे त्याची खरी परीक्षा या महाराष्ट्रांत हौसेनें झाली नाहीं, दुष्काळानें झाली. आणि ती बँटिंगच्या पुस्तिकेनंतर अवघ्या चौदा वर्षांनीं.

१८७६ सालीं दख्खनचा पाऊस हुकला. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, कलादगी, बेळगांव, धारवाड या जिल्ह्यांत पीक बुडालें. सर फिलिप वुडहाउस हे त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या सरकारनें रस्ते, तलाव अशीं मोठीं कामें काढलीं व लोकांस मजुरीवर घेतलें. खर्च वाढूं लागला तसा कलकत्त्यास लॉर्ड लिटन यांच्या सरकारला घोर पडला, आणि त्यांनीं १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलखाच्या पाहणीसाठीं पाठविलें. हे तेच टेंपल, ज्यांनीं १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशांतून तांदूळ आणून माणसें वांचविलीं, आणि त्याबद्दल शाबासकीपेक्षां उधळेपणाचा ठपकाच अधिक मिळविला. या खेपेस त्यांनीं हात आंखडला. कामावरील पुरुषास दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि मीठमिरचीस वर थोडे पैसे, बायकामुलांस त्याहून कमी, एवढ्यावर मनुष्य राहूं शकेल असें त्यांचें म्हणणें पडलें. त्यांनीं याला प्रयोग म्हटलें होतें. प्रयोग म्हटला म्हणजे मोजमाप आलें, आणि खरा वाद येथेंच उभा राहिला: मजूर टिकतो कीं खंगतो, हें ठरवावयाचें कशावरून?

टेंपल यांची पाहणी म्हणजे नांवाप्रमाणें पाहणीच होती. दिवसाला लांबलांबच्या मजला मारून ते एका कामावरून दुसऱ्या कामावर जात, मजुरांच्या टोळ्या नजरेखालून घालीत, आणि लोकांची शरीरस्थिति बरी आहे असा निर्वाळा देत. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यानें ती टोळी पूर्वीं पाहिली नाहीं आणि पुन्हा पाहणार नाहीं, त्याच्या डोळ्याला या बाबतींत कांहींच सांगतां येण्याजोगें नव्हतें. दख्खनचा कुणबी मुळांतच काटक. सुकाळांतहि त्याच्या बरगड्या मोजतां येत. तो अधिक वाळला कीं नाहीं, हें ठरविण्यास त्याचें गेल्या वर्षाचें चित्र पाहिजे. तें होतें त्याच्या गांवच्या पाटलाजवळ, कुळकर्ण्याजवळ, सावकाराजवळ. कामावर उभ्या असलेल्या साहेबाजवळ तें नव्हतें.

मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं या मजुरीस कडाडून विरोध केला. काम करणाऱ्या माणसाला निदान दीड रत्तल धान्य, आणि शिवाय डाळ व भाजी पाहिजे, असें त्यांचें मत होतें. आजच्या हिशेबानें पाहिलें तर वाद कोणाच्या बाजूस झुकतो तें लागलीच कळतें. एक रत्तल ज्वारीपासून सुमारें १,६०० उष्मांक मिळतात. दिवसभर माती वाहणाऱ्या पुरुषास त्याच्या दुपटीच्या आसपास लागतात. उरलेलें तो आपल्या अंगांतून काढतो. प्रथम चरबी, आणि कुणब्याच्या अंगावर ती किती असणार, मग मांस. अशा रीतीनें महिन्याला दहा रत्तल तरी जातील. पण दहा रत्तल गेलेला मनुष्य कामावर उभा असतो, पाटी उचलतो, हांक मारली तर ओ देतो. पाहणारा त्याला धडधाकट म्हणून वहींत लिहितो.

याहूनहि फसविणारी एक गोष्ट आहे. दीर्घ उपासमारींत शरीर पाणी धरूं लागतें. पाय सुजतात, पोट फुगतें, तोंडावर सूज येते, आणि ज्याचें मांस निम्म्यानें गेलें आहे त्याचा चेहरा भरल्यासारखा दिसतो. अशा वेळीं डोळाच काय, कांटाहि फसतो, कारण गेलेल्या मांसाच्या जागीं आलेलें पाणी तो इमानानें तोलून दाखवितो.

मुंबई इलाख्यांत या मजुरीला पहिलें उत्तर दिलें तें मजुरांनीं. नव्या दराच्या वेळीं हजारों लोक कामें सोडून निघून गेले. सरकारी गोटांत याचा अर्थ असा लावण्यांत आला कीं, ज्यांना काम सोडवतें ते उपाशी नसावेत. हा अर्थ किती सोईस्कर होता! पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मात्र दुसरा अर्थ लावला. सभा १८७० सालीं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनीं स्थापिली होती. न्यायमूर्ति रानडे १८७१ पासून पुण्यास होते. दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून माहिती मिळविली: पिकें, भाव, कामावरील संख्या, गांव सोडून गेलेलीं कुटुंबें, मेलेलीं जनावरें, आणि तिचे वृत्तांत तयार करून ते सरकारपुढें ठेवले. ज्या कामांत मिळकतीपेक्षां झीज जास्त तें काम सोडण्यांत मजुराचा आळस नसून हिशेब आहे, हें त्या वृत्तांतांवरून दिसतें. सभेचीं माणसें गांवचीं होतीं. त्यांच्याजवळ मागचें चित्र होतें. चाळींतला सोबती आणि उंबऱ्यावरची आई यांच्यांत जो भेद, तोच येथें सरकारी दौरा आणि सभेचा वृत्तांत यांच्यांत होता.

मार्च १८७७ मध्यें मद्रास सरकारनें मजुरी वाढवून सव्वा रत्तल धान्य व थोडी डाळ केली. म्हणजे टेंपल आणि कॉर्निश यांच्या आंकड्यांच्या मधोमध तोडगा काढला. देहाला मधोमध असें कांहीं असतें कीं काय, हा प्रश्न निराळा. मे महिन्यांत वुडहाउस यांच्या जागीं मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले ते स्वतः टेंपल. त्याच उन्हाळ्यांत पुण्याजवळ धनकवडीस महात्मा फुले आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनीं दुष्काळपीडित मुलांसाठीं बालाश्रम उघडला व मुलांना जेवूं घातलें. दुष्काळ १८७८ पर्यंत चालला. ब्रिटिश मुलखांत मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक धरतात.

या वादाचें फळ कागदावर उतरलें. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या दुष्काळ कमिशननें १८८० सालीं अहवाल दिला, १८८३ सालीं नमुन्याचा दुष्काळ कायदा, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाला, आणि त्यावरून निरनिराळ्या इलाख्यांचे कोड झाले. कामकऱ्यास किती धान्य द्यावयाचें हें आतां अधिकाऱ्याच्या नजरेवर न राहतां कोष्टकांत आलें.

हें कोष्टक पुढें नायगांव-परळच्या मजुराच्या पानापर्यंत येऊन पोंचेल, असें तें रचणाऱ्यांच्या स्वप्नांतहि नसेल. परंतु तसें झालें. १९२१ च्या मेपासून १९२२ च्या एप्रिलपर्यंत मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें शहरांतील मजुरांच्या जमाखर्चाची चौकशी केली. २,४७३ कुटुंबें आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे हिशेब तपासले गेले, आणि अहवाल १९२३ सालीं निघाला. त्यांत शेंकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहतांना आढळलीं, आणि शेंकडा ४७ कर्जांत. खाण्याचें मोजमाप करावयाचें तर तुलना कशाशीं करावी? चौकशी करणाऱ्यांनीं दोन मापें घेतलीं: एक फॅमिन कोडांतील धान्य, आणि दुसरें मुंबईच्या तुरुंगांच्या नियमांतील कैद्याचें जेवण. निष्कर्ष असा निघाला कीं, गिरणींतला कामकरी दुष्काळी कोष्टकांतील कमाल धान्याइतकें खातो, पण कैद्यापेक्षां कमी. हें विधान पुढें कित्येक वर्षें व्याख्यानांतून आणि लेखांतून उद्धृत होत राहिलें. दुष्काळ नव्हता, गिरण्या चालू होत्या, नायगांवच्या स्प्रिंग मिलसारख्या गिरण्यांतून रोज हजारों हात कामावर होते. तरीहि पानाचें माप दुष्काळाचें. ज्या आईनें उंबऱ्यावर ‘केवढा वाळलास’ म्हटलें, तिनें अहवाल वाचला नव्हता. पण तिचें आणि शिरास साहेबांच्या अहवालाचें मत एक होतें.

येथें एक शंका राहते. सोबत्याला दिसलें नाहीं हें समजलें. पण ज्याचें अंग झिजलें त्याचें त्याला कसें कळत नाहीं? याचा उलगडा १९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत झालेल्या एका प्रयोगांत सांपडतो. युद्धांत लढण्यास ज्यांनीं नकार दिला होता अशा ३६ तरुणांनीं उपाशी युरोपाच्या शुश्रूषेचें शास्त्र तयार व्हावें म्हणून स्वतःला ॲन्सेल कीज यांच्या स्वाधीन केलें. २४ आठवडे त्यांना अर्ध्या पोटीं ठेवण्यांत आलें. त्यांचें चवथाई वजन गेलें. वेळोवेळीं त्यांचें वजन, माप, रक्त तपासलें जाई. आपण प्रयोगांत आहों हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. असें असूनहि त्यांच्यांतील पुष्कळांना आपण फार बारीक झालों असें वाटेना. त्यांना बाहेरचे लोक अवाजवी लठ्ठ दिसूं लागले. सर्व जगाला सूज आली आणि आपण तेवढे आहों तसेच आहों, असा हा भ्रम. दृष्टीचें माप देहाबरोबर हळूहळू सरकत गेलें होतें. उलट प्रकारहि वैद्यांस परिचित आहे: पूर्वीं स्थूल असलेला मनुष्य बारीक झाल्यावरहि कित्येक महिने दाराच्या फटींतून अंग चोरून जातो, आणि कापडाच्या दुकानांत जुनेंच माप मागतो.

मोठ्या माणसाला निदान बोलतां येतें. लहान मुलाचें काय? परळ-नायगांवाच्या परिसरांत १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालय, आणि १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय सुरू झालें. तेव्हांपासून या भागांतल्या आया कडेवर मूल घेऊन तेथें येत आल्या आहेत. ‘दोन दिवस तापलें म्हणून आणलें’ असें आई सांगते, आणि डॉक्टर पाहतो तों मूल दोन दिवसांचें नव्हे, चार महिन्यांचें वाळलेलें. आई खोटें बोलत नसते. रोज जें मूल तिच्या कडेवर होतें तें तिला रोज तसेंच दिसलें. त्यांत मुलाच्या बाबतींत आणखी घोंटाळा असा कीं, त्याचें वजन वाढावयाचें असतें. तें जेथल्या तेथें राहिलें तरी ती घटच, आणि ही घट कोणत्याच डोळ्याला दिसणारी नाहीं. म्हणून वजनाचे टिंब जोडीत जाणारा वाढीचा तक्ता निघाला. १९७५ सालीं २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर अंगणवाड्यांतून तो गांवोगांव पोंचला. टिंबांची रेघ आडवी झाली कीं सेविका आईला समज देते.

जेथें कांटाहि नाहीं तेथें काय करावें, याचें उत्तर दंडाच्या घेरांत मिळालें. एक ते पांच वर्षें वयांत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाहीं. म्हणून वय ठाऊक नसलें तरी एकच माप चालतें. १९७० नंतरच्या दशकांत ॲडनान शाकीर आणि डेव्हिड मॉर्ले यांनीं तीन रंगांची पट्टी प्रचारांत आणली: साडेतेरा सेंटिमीटरांच्या वर हिरवा, त्याखालीं साडेबारापर्यंत पिंवळा, त्याहि खालीं तांबडा. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें अतितीव्र कुपोषणासाठीं साडेअकराची रेषा ठरविली, आणि आज अंगणवाडींतल्या पट्टीवर तांबडा रंग तेथूनच खालीं असतो. याच सुमारास आपल्याकडील वैद्यकाच्या पुस्तकांत आणखी एक चांचणी आली. चार सेंटिमीटर आंतल्या व्यासाची बांगडी मुलाच्या हातांत घालावयाची आणि वर सरकवावयाची. निरोगी मुलाच्या हातांत ती कोपराच्या अलीकडे अडते. कोपरावरून निघून दंडावर चढली, तर मूल गंभीर रीतीनें रोडावलें आहे असें समजावयाचें. ती घालून पाहण्यास साक्षर असावें लागत नाहीं. तेवढी परीक्षा कोणताहि कांसार करूं शकेल.